सहा क्रूझ म्हाताऱ्या झाल्यावर: ओहायोतल्या एका शुश्रूषा संस्थेचं गाडी-प्रकरण

पार्श्वभूमी

ओहायो राज्यात कोलंबसच्या आसपासच्या उपनगरांत घरपोच शुश्रूषा देणारी एक लहान संस्था आहे. मालकीणबाई मूळच्या पुण्याकडच्या. आम्ही मराठी मंडळी त्यांना ताई म्हणतो. मी संस्थेचा हिशेब आणि कराची कामं पाहतो, त्यामुळे हे सगळं कागदोपत्री आणि समोरासमोर, दोन्ही अंगांनी पाहायला मिळालं. माणसं आणि संस्था ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. गाड्या, त्यांच्या किमती आणि कराचे नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

कामाचं स्वरूप साधं. मदतनीस बाई सकाळी एका आजोबांना अंघोळ घालते, औषधं देते, मग दुसऱ्या उपनगरात एका आजींच्या घरी जाते. दिवसाला चार-पाच घरं आणि साठेक मैल. सोबत एक बॅग, हातमोज्यांचे खोके, कधी घडीचा वॉकर. आठवड्यातून एखाद-दोनदा रुग्णाला डायलिसिसला किंवा डॉक्टरकडे न्यायचं. शहराची बससेवा आहे, पण हिलियर्डहून रेनॉल्ड्सबर्गला बसने जायचं तर निम्मा दिवस तिथेच संपतो. म्हणून गाडी हवीच. संस्थेकडे सहा शेव्हरोले क्रूझ होत्या, २०१७ साली वापरलेल्या घेतलेल्या. मदतनीस त्या घरी नेत आणि सकाळी थेट कामावर जात.

क्रूझ ही ओहायोचीच लेक. कोलंबसपासून अडीच-पावणेतीन तासांवर लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात ती २०१० पासून बनत होती. २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे २ लाख ७३ हजार क्रूझ खपल्या. २०१८ मध्ये हा आकडा १ लाख ४२ हजारांवर आला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने लॉर्ड्सटाउनसह उत्तर अमेरिकेतल्या पाच कारखान्यांचं काम काढून घेत असल्याचं जाहीर केलं आणि ६ मार्च २०१९ ला शेवटची क्रूझ तिथून बाहेर पडली.

जनरल मोटर्स एकटी नव्हती. क्रायस्लरने २०१६ मध्येच डार्ट आणि २०० या दोन सेडान बंद केल्या होत्या. फोर्डने एप्रिल २०१८ मध्ये सांगून टाकलं की मस्टँग सोडली तर उत्तर अमेरिकेत सेडानच्या पुढच्या पिढ्यांवर पैसा घालणार नाही. फोकस ॲक्टिव्ह नावाची एक उंचावलेली फोकस तेवढी चीनमधून आणायची होती. चीनच्या मालावरच्या जकातीमुळे चार महिन्यांत तोही बेत गुंडाळला.

कारण गुपित नाही. लहान गाडी जोडायला लागणारे मजुरीचे तास मोठ्या पिकअपच्या तुलनेत फारसे कमी नसतात, पण पिकअपवर सुटणारा नफा कितीतरी पट. परदेशी बनावटीच्या पिकअपवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के जकात आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा सूड म्हणून ती आली आणि कायमची राहिली. त्यामुळे त्या कुंपणात डेट्रॉइटच्या कंपन्यांना (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) बाहेरची स्पर्धा जवळजवळ नाही. इंधनबचतीचे नियम तर गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळावर बेतलेले: गाडी जितकी मोठी तितकं उद्दिष्ट सैल, आणि ‘ट्रक’ या वर्गात बसली तर आणखी सैल. २०१८ मध्ये फोर्डने एकट्या एफ मालिकेचे नऊ लाखांवर पिकअप विकले. असा धंदा चालू असताना फोकसच्या चिल्लरसाठी कोण वाकणार?

अडचण

२०२२ च्या वसंतात सहापैकी चार क्रूझ सव्वा लाख मैलांच्या पुढे गेल्या होत्या. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या खातं. एका गाडीची दुरुस्ती तिच्या किमतीच्या जवळ गेली तेव्हा ताईंनी विषय काढला: ‘‘सहा नव्या लहान गाड्या घेऊ या. फार विचार करायला नको.’’

विचार करायला लागला. गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप्सच्या टंचाईमुळे शोरूमबाहेरची मैदानं ओस पडली होती. नव्या गाडीची सरासरी किंमत त्या जूनमध्ये ४८ हजार डॉलरांच्या वर गेली, आणि त्याच महिन्यात पेट्रोल देशाच्या सरासरीने गॅलनला पाच डॉलर झालं. डेट्रॉइटची म्हणावी अशी साधी, परवडणारी सेडान एकच उरली होती, मालिबू. सगळ्यांत स्वस्त नवी गाडी शेव्हरोलेचीच स्पार्क होती, तीही कोरियातून येणारी. पण तिचं उत्पादन त्याच उन्हाळ्यात थांबलं. चेन्नईत बनून अमेरिकेत विकली जाणारी फोर्डची इकोस्पोर्ट हाही एक मार्ग होता. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं ठरवलं आणि ती वाटही बुजली.

ताईंचा भाऊ तळेगावला एका सुट्या भागांच्या कारखान्यात होता. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, तरी तळेगावच्या कारखान्यातून लहान शेव्हरोले गाड्या मेक्सिकोला जात होत्या, थेट २०२० च्या अखेरीपर्यंत. म्हणजे मावळात बनलेली छोटी गाडी अमेरिकेच्या सीमेपलीकडे धावत होती, अलीकडे मात्र तिला जागा नव्हती. भावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, ‘‘मग तिथूनच सहा पाठव.’’ विनोद होता, पण पुरता विनोदही नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय आणला तो डीलरने, आणि तो करातून आला होता. अमेरिकेच्या करकायद्यात सहा हजार पौंडांची एक रेषा आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या गाडीचं मालासकटचं कमाल वजन त्याहून जास्त भरलं, तर २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी पूर्ण किंमत घसारा म्हणून वजा करता येत होती. रेषेखालच्या गाडीला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १९,२०० डॉलरांची मर्यादा. डीलरच्या मते संस्थेने तीन ओळींच्या मोठ्या एसयूव्ही घ्याव्यात, ‘अर्धे पैसे सरकार देतं’.

मी कागद पुढे ओढून ताईंना गणित मांडून दाखवलं. ५५ हजारांची एसयूव्ही, करदर २४ टक्के धरला तर करात वाचले १३,२००. खिशातून गेले ४१,८००. बावीस हजारांची सेडान घेतली तर पहिल्या वर्षी साडेचार हजारांच्या आसपास वाचतात, खिशातून जातात साडेसतरा हजार. वर इंधन: वर्षाला पंधरा हजार मैल, एसयूव्हीचा ॲव्हरेज गॅलनला अठरा मैल धरला तर ८३३ गॅलन, क्रूझचा तीस धरला तर ५००. पाच डॉलरच्या भावाने एका गाडीमागे साडेसोळाशेहून जास्त डॉलरांचा फरक. सरकार अर्धे पैसे देत नव्हतं, जवळजवळ चौथा हिस्सा देत होतं, आणि तोही नको तितकं मोठं काही विकत घेतल्याबद्दल. पण हा नियम इतके छोटे व्यावसायिक ऐकतात आणि पाळतात की ‘लोकांनाच मोठ्या गाड्या हव्यात’ या वाक्यात त्याचा वाटा किती, हे एकदा कुणीतरी मोजावं.

दुसरा पर्याय फोर्ड मॅव्हरिक. जून २०२१ मध्ये आलेला हा लहान पिकअप, मूळ किंमत १९,९९५ डॉलर, त्याच किमतीत हायब्रिड इंजिन आणि शहरात गॅलनला ४२ मैल. कागदावर हीच आमची गाडी होती. अडचण एवढीच की हायब्रिडच्या त्या वर्षीच्या ऑर्डरी जानेवारी २०२२ मध्येच बंद झाल्या होत्या. जी मिळत होती तिच्यावर डीलर कंपनीच्या किमतीच्या स्टिकरशेजारी दुसरा स्टिकर लावून काही हजार वाढवत.

तिसरा शेव्हरोले बोल्ट. बॅटरीला आग लागण्याच्या प्रकारांमुळे २०२१ मध्ये सगळ्या बोल्ट परत बोलावल्या गेल्या होत्या. एप्रिल २०२२ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं आणि जूनमध्ये कंपनीने किंमत सहा हजारांच्या आसपास खाली आणली. दिवसाच्या साठ मैलांना बोल्ट हसत पुरते. पण मदतनीसांपैकी बहुतेकजणी अपार्टमेंटमध्ये राहतात. रात्री गाडी उभी राहते ती उघड्या पार्किंगमध्ये, आणि तिथे प्लग नाही.

चौथा, टोयोटा कोरोला किंवा होंडा सिव्हिक. इथे ‘अमेरिकन गाडी’ म्हणजे नक्की काय हा प्रश्न येतोच. कोरोला मिसिसिपीत बनते, होंडाचा मेरीसव्हिलचा कारखाना कोलंबसच्या शेजारी १९८२ पासून मोटारी बनवतो. मॅव्हरिक मात्र मेक्सिकोत. ताईंना या वादात रस नव्हता, त्यांना गाडी हवी होती. त्या वेळी दोन्हींना महिनोन् महिने थांबायला लागत होतं.

पाचवा पर्याय असा की गाड्याच ठेवायच्या नाहीत. मदतनीसांनी स्वतःची गाडी वापरावी, संस्थेने मैलामागे पैसे द्यावेत. सरकारी दर २०२२ च्या पहिल्या सहामाहीत मैलाला साडेअठ्ठावन्न सेंट होता, जुलैपासून साडेबासष्ट. पंधरा हजार मैलांना वर्षाला ९,३७५ डॉलर. एका बाईमागे हे जड वाटतं, पण विमा, टायर, दुरुस्ती, घसारा सगळं त्यात आलं. प्रश्न एवढाच की धड चालणारी स्वतःची गाडी सगळ्याजणींकडे नव्हती.

आणि सहावा: जुन्याच क्रूझ ढकलत न्यायच्या.

पहिलं वळण: गाडी वापरणाऱ्यांना विचारलं

तोपर्यंत सगळी चर्चा ताई, मी आणि डीलर यांच्यात चालली होती. मदतनीसांना कुणी विचारलं नव्हतं. कोलंबसमध्ये भूतानमधून आलेल्या नेपाळीभाषकांची मोठी वस्ती आहे, सोमाली समाजही मोठा. संस्थेतल्या निम्म्या बायका या दोन समाजांतल्या. एका नेपाळी दीदीने ताईंना हिंदीत सुनावलं, ‘‘मॅडम, वही छोटी गाड़ी फिर से मत लेना.’’

तिने दाखवलं ते डोळे उघडणारं होतं. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला गाडीत बसवताना आधी पाठमोरं उभं करतात, सीटच्या कडेवर टेकवतात, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवतात. मांडी पोटाशी फार दुमडू द्यायची नसते. क्रूझची सीट इतकी खाली की आजी टेकण्याआधी पडल्यासारख्या खाली जात. म्हणून दीदी डिकीत एक जाड उशी ठेवायची, आणि आजींना उठवताना ती स्वतःच्या कमरेला झटका बसू नये म्हणून दाराची चौकट धरायची. मोठ्या एसयूव्हीत उलटी तऱ्हा: पायरी चढायची, म्हणजे वॉकरवाल्या माणसाला तो डोंगरच.

ताईंनी शिवणाची टेप पर्समध्ये टाकली आणि तीन शोरूममध्ये जाऊन सीटची उंची मोजत फिरल्या. एका विक्रेत्याने विचारलं, पडदे शिवायचेत का? उंची लागत होती ती साधारण घरातल्या जेवणाच्या खुर्चीइतकी. म्हणजे सेडान नाही, टाहोसारखी मोठी एसयूव्ही नाही, मधली गोष्ट. ज्या लहान क्रॉसओव्हरना नाकं मुरडत ‘फुगवलेल्या हॅचबॅक’ म्हणतात, त्या. ‘डेट्रॉइटने लोकांची सेडान हिरावून घेतली’ हे गाऱ्हाणं मीही करत असे. आमच्या बाबतीत ते निम्मंच खरं निघालं. सेडान गेल्याचं दुःख नव्हतं. सेडानच्या किमतीत काही उरलं नाही, हे दुखणं होतं.

मालिबू याच टेपने बाद झाली.

काय केलं

निर्णय तुकड्यांत झाला, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं. सर्वांत खराब दोन क्रूझ विकल्या. वापरलेल्या गाड्यांचे भाव तेव्हा इतके चढलेले होते की गंजलेल्या गाड्यांनाही बरी किंमत आली. उरलेल्या चारांच्या ब्रेकच्या नळ्या बदलल्या, हिवाळी टायर घातले. ज्यांच्याकडे स्वतःच्या बऱ्या गाड्या होत्या त्या दोघींना मैलामागे पैसे सुरू केले.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॅव्हरिकच्या पुढच्या वर्षाच्या ऑर्डरी उघडल्या तेव्हा ताईंनी दोन नोंदवल्या. किंमत आता २२,१९५ पासून होती. कंपनीने आठवड्याभरातच खिडकी बंद केली. डीलरला कोट्यात मिळालेल्या गाड्या थोड्या, आमचा नंबर लागला नाही. अनामत परत आली.

२०२३ उजाडताना दोन गोष्टी बदलल्या. नव्या कायद्यामुळे व्यवसायासाठी घेतलेल्या विजेवरच्या गाडीला साडेसात हजारांपर्यंत करसवलत मिळू लागली, तेव्हा देखरेख करणाऱ्या नर्ससाठी एक बोल्ट घेतली. तिच्या घराला गॅरेज आहे, साधा प्लग आहे. आणि शेव्हरोलेची नवी ट्रॅक्स आली: वाहतूकखर्चासह २१,४९५ डॉलर, १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, एकत्रित ॲव्हरेज तीस, पुढच्या चाकांवर चालणारी. टेपने पास. उन्हाळ्यात तीन ट्रॅक्स घेतल्या, स्टिकरच्या किमतीला.

ट्रॅक्स बनते कोरियातल्या चांगवोनला, जिथे पूर्वी स्पार्क बनत असे. अमेरिकन कंपनीने अमेरिकन माणसाच्या गरजेची गाडी बनवली, फक्त अमेरिकेत नाही.

निष्पत्ती

क्रूझपैकी एक अजून राखीव म्हणून आहे, बाकी गेल्या. उशी दीदीने घरी नेली. ट्रॅक्सचा ॲव्हरेज क्रूझइतकाच पडतो. कोरोलाने गाडीमागे वर्षाला सत्तरेक गॅलन वाचले असते, म्हणजे अडीचशे डॉलर, पण सीटची उंची पाहता ताईंना ते सोडून देणं परवडलं. बर्फात फार तक्रार आली नाही. हिवाळी टायर घातले की चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेची गरज सपाट मध्य ओहायोत क्वचितच पडते. ते डीलर सांगत नाहीत.

थांबण्याची किंमत मात्र मोजावी लागली. २०२२ च्या सुरुवातीला कर्ज स्वस्त होतं. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत व्याजदर चढले आणि तीन गाड्यांच्या हप्त्यांत ते दिसतं.

कंपन्यांच्या बाजूला काय झालं तेही याच प्रकरणाचा भाग आहे. बोल्टची २०२३ ची विक्री ६२ हजारांवर गेली, तिच्या आयुष्यातली सर्वाधिक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने ती बंद करणार असल्याचं सांगितलं होतं, कारखाना विजेवरच्या मोठ्या पिकअपसाठी हवा म्हणून. ओरड झाली तेव्हा जुलैमध्ये पुढची बोल्ट आणण्याचं वचन दिलं, आणि डिसेंबरमध्ये जुनी थांबलीच. मॅव्हरिक २०२२ मध्ये ७४ हजार खपली, २०२४ मध्ये १ लाख ३१ हजार. मधल्या काळात हायब्रिड मूळ किमतीतून निघालं, त्याचे जादा पैसे पडू लागले, आणि २०२५ च्या मॉडेलची सुरुवात २६ हजारांच्या पुढे गेली. ट्रॅक्स २०२४ मध्ये दोन लाखांच्या घरात खपली. म्हणजे गिऱ्हाईक होतं. या कंपन्यांना गरजेची गाडी बनवता येत नाही असं म्हणायला जागा नाही. बोल्ट, मॅव्हरिक, ट्रॅक्स तिन्ही त्यांच्याच. त्यांना ती त्या किमतीला टिकवून धरवत नाही. चार पैसे जास्त देणारी गाडी दिसली की पहिला बळी हिचा.

वेगळं काय करता आलं असतं

मदतनीसांना विचारणं पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. सेडानच्या मागे गेलेला सगळा वेळ वाचला असता, आणि लहान क्रॉसओव्हरच्या प्रतीक्षायादीत कर्ज स्वस्त असतानाच नाव लागलं असतं.

मॅव्हरिकसाठी एकाच डीलरवर विसंबणं महागात पडलं. कोटा डीलरनुसार ठरतो. ग्रामीण ओहायोतल्या एखाद्या लहान डीलरकडे यादी छोटी असते, तिथे चौकशी करायला एक दुपार पुरली असती.

मैलामागे पैसे देण्याची पद्धत आणखी दोघी-तिघींना लागू करता आली असती का, यावर ताईंचं आणि माझं अजून एकमत नाही. मला आकडे दिसतात. ताईंचं म्हणणं, ‘‘त्या बाईची गाडी बंद पडली तर दंड आजींना होतो, नाश्त्याच्या वेळी.’’ संस्था त्यांची आहे.

कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर क्रूझ बंद करण्याचा निर्णय मला आजही समजतो. विक्री निम्म्यावर आली होती. न समजणारा भाग त्यानंतरचा: स्वस्त गाडीची जागा चार वर्षं जवळपास रिकामी ठेवणं आणि त्या काळात ते गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊ देणं. ट्रॅक्स २०१९ मध्ये या रूपात आली असती तर ताईंनी सहाच्या सहा तिथूनच घेतल्या असत्या.

पुढची फेरी २०२७ च्या सुमाराला येईल. एप्रिल २०२५ मध्ये आयात गाड्यांवर २५ टक्के जकात बसली, कोरियासाठी ती नंतर १५ टक्क्यांवर आली, तेव्हा ट्रॅक्सचा भाव तेव्हा काय असेल ते धरून चालता येत नाही. ताईंनी या वेळी गरजांचा कागद आधी केला आहे: सीटची उंची, डिकीत घडीचा वॉकर आडवा मावला पाहिजे, ॲव्हरेज तीसच्या खाली नको, किंमत पंचवीस हजारांच्या आत. गाडीच्या नावाची जागा कोरी आहे. कागद तीन डीलरांना गेला आहे, त्यातले दोन कोलंबसच्या बाहेरचे.